मुरुडचा टॉवर

“जमीन एकवीसशे फुटांवर अन् टॉवर चारशेवर? जमिनीत गाडलाय का त्यो?” कॅप्टन अमृतरावांनी विचारलं, तशी वर्गातली पोरं हसली. प्रश्न ऋतुजाला होता.

तासाभरापूर्वी ती लातूरकडच्या मुरुडवरून एकटीच विमान घेऊन परतत होती. ढग खाली आले, म्हणून तीही खाली आली. उंचीचा काटा सव्वीसशे दाखवत होता आणि निघण्यापूर्वी भिंतीवरच्या नकाशात तिने टॉवर चारशेचा वाचला होता. ती निर्धास्त होती. तेवढ्यात धुक्यातून टॉवरचं टोक वर आलं आणि चाकांखालून सरकलं.

“नकाशावर तेच लिव्हलंय, सर.”

“अन् डोकं? गावाकडं बिलोलीला ठिवून आलीस? तिसरी चूक हाय ही. उद्या अहवाल जाईल. मग घरी बस.”

दाराशी उमाशंकर उभा होता. लातूरजवळच्या या विमान शिकवणाऱ्या संस्थेत एकोणीस वर्षं तो नकाशा सांभाळत होता. कुठे उडायला बंदी, ती कधीपर्यंत, नवा टॉवर कुठे, सगळं लाल शाईत. छापील नकाशा यायला उशीर, म्हणून सुटीच्या दिवशी मोटारसायकल काढून तो नवे टॉवर स्वतः बघून यायचा. रखवालदाराला उंची विचारायची आणि तीत तिथल्या जमिनीची उंची मिळवायची, कारण विमानाचा काटा समुद्रापासून मोजतो. ही बेरीज त्याने शेकडो वेळा केली होती. पण मुरुड त्याचंच गाव. रखवालदार म्हणाला, “चारशे फूट हाय, अप्पा,” मग ओळखीपाळखी निघाल्या, चहा झाला, आणि परत येऊन त्याने चारशेच लिहिलं. ज्या जमिनीवर माणूस रांगायला शिकला, ती त्याला उंच कशी वाटावी?

तो कॅप्टनच्या मागोमाग केबिनमध्ये गेला.

“आकडा माझा हाय, साहेब.”

अमृतरावांनी दार लावून घेतलं. “ठाऊक हाय. ब्लेडनं खरवडा अन् पंचवीसशे लिहा. रिटायर व्हायला वरीस राहिलंय तुमचं. पोरगी तशीबी लई खाली उडत होती.”

“अन् तिचं काय?”

“तिनं इचार कराया पाहिजे हुता.”

“हाव, पाहिजे हुता. पर तिला शिकाया लागून आठ महिने झालेत. मला एकोणीस वर्सं.”

त्याने कागद मागून घेतला. कबुलीच्या चार ओळी लिहायला त्याला बराच वेळ लागला.

ऋतुजाचा अहवाल गेला नाही. भिंतीवरचा नकाशा मात्र उतरवला; आता सगळं टॅबवरच बघायचं ठरलं. उमाशंकरला फाटकावर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची नोंद करायला.

ऋतुजा तिथे आली. “अप्पा, कशाला सांगितलंत?”

“उडायच्या आधी नकाशा बघितला म्हणून तू सही करीत होतीस. माझ्या आकड्यावर करीत होतीस.” त्याने समोरची वही उघडली. ती विमानांकडे परत गेली.

गुरुवारी तिचं विमान उडालं. आवाज फाटकावरून मुरुडच्या दिशेने गेला. उमाशंकरने वर पाहिलं नाही. दुधाची गाडी आत आली होती. तिचा नंबर त्याने वहीत लिहिला. मग चष्मा पुसला, खुर्चीवरून उठला आणि गाडीच्या मागे जाऊन तो नंबर एकेक आकड्यावर बोट ठेवत पुन्हा वाचला.