टीमने केलं

“बाबा, यात तुमचं नाव कुठंय?” गौरीने लॅपटॉप वडिलांकडे वळवला. “‘बंद पडलेली तिसरी प्रॉडक्शन लाइन टीमने चालू केली.’ कुठली टीम? तीन दिवस घरी आला नव्हतात तुम्ही!”

“माझ्या हाताखालचा आशय होता की बरोबर.”

“तो नुसता पाने-स्क्रूड्रायव्हर हातात देत होता. तुम्हीच सांगितलंत.”

“म्हणून काय स्वतःची आरती स्वतःच ओवाळू?” विद्याधर म्हणाले. “काम कुणाचं ते दिसतं गं माणसांना.” आणि बढतीचा फॉर्म त्यांनी तसाच पाठवून दिला.

आता या माणसाला काय म्हणावं! शहराच्या एका टोकाच्या बनशंकरीहून दुसऱ्या टोकाच्या व्हाइटफील्डला रोज कंपनीच्या बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत त्यांनी चार्जरच्या त्या कारखान्यात अकरा वर्षं काढली. मशीनदुरुस्तीत त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण मालक होते चिनी, आणि तिथल्या लिन साहेबांची रीत निराळी. ज्याच्यासोबत चार वेळा जेवलो, तो आपला. शनिवारी हॉटेलातल्या गोल टेबलाभोवती मंडळी जमायची. साहेबांच्या पेल्याला पेला लावताना आदर म्हणून आपला जरा खाली धरायचा, हे ज्याला जमलं तो वर चढला. विद्याधर मांस खात नसत, पीत नसत. “सॉरी सर, घरी वाट बघतात,” म्हणून निघायचे. विभागप्रमुखाची खुर्ची संग्रामला मिळाली. त्याला मशीनमधलं बेताचंच कळायचं, पण साहेबांच्या मुलीचा वाढदिवस पाठ होता.

मग कारखाना अमेरिकन कंपनीने घेतला. संग्राम दुसरीकडे गेला. नव्या लोकांनी सांगितलं, इथे ओळखीपाळखी चालणार नाहीत, फक्त काम बघू; बढती हवी त्याने आपलं काम फॉर्मवर लिहून द्यावं. विद्याधरांना कोण आनंद झाला! निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या खुर्चीवरून घरी जायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मुलाखत पडद्यावर झाली. अमेरिकेतल्या बाईंनी आदराने विचारलं, “तिसरी लाइन बंद पडली तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत?”

“विशेष काही नाही मॅडम. सगळ्यांनी मिळून केलं.”

“पण त्यात तुमचा वाटा?”

विद्याधर ओशाळं हसले. “टीम चांगली होती.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

आठवड्याने मेल आला. खुर्ची आशयला मिळाली होती. तो म्हैसूरपाक घेऊन आला आणि वाकून पाया पडला. “काका, रागावलात? मी होतो ना तिथे? तुम्हीच म्हणायचात, सगळ्यांनी केलं. मग माझ्या फॉर्मवर मी लिहिलं, मी केलं. तसंच लिहायचं असतं हो तिथे.”

“छे रे, रागवायचं काय त्यात. मोठा हो,” विद्याधर म्हणाले. म्हैसूरपाकाचा तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून डब्यात ठेवून दिला.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा प्रेमाताई भाकरी थापत होत्या. विद्याधर बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“काय झालं हो?”

“ती लाइन मी चालू केली होती,” ते बायकोला म्हणाले. “बिघाड मी शोधला. मशीनचा बोर्ड मी जोडला. बाकी कुणाला काही कळत नव्हतं गं. मी एकट्याने केलं सगळं.”

बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. प्रेमाताईंनी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच त्यांना खुर्चीवर बसवलं.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “सांगा, अगदी पहिल्यापासून सांगा.”