पुढचा ब्रेक

सोनईच्या कारभारी मेकॅनिकनं आपली जुनी मोटारसायकल कोंडीरामला विकली, तेव्हा खांद्यावर हात ठेवून बजावलं होतं, "पुढचा ब्रेक कधी दाबू नको गड्या, तोंडावर आपटशील." शाळेपासूनचा दोस्त, जिवाच्या काळजीनंच सांगणार! कोंडीरामनं चार वर्षं त्या ब्रेकला बोट लावलं नाही, आणि गाडीला कारभारीशिवाय दुसऱ्या कुणाचा हातही लागू दिला नाही.

मग भिंगारजवळ उसाची बैलगाडी आडवी आली. कोंडीरामनं पायाखालचा ब्रेक जीव खाऊन दाबला. मागचं चाक जाम झालं, गाडी खडीवरून फरफटत गेली आणि त्याचा पाय मोडला. दवाखान्यात सगळ्यांच्या आधी कारभारी धावत आला.

"पुढचा ब्रेक तर न्हाई ना दाबला?"

"न्हाई रं. तुजा शब्द कसा मोडंन?"

महिन्यानं कोंडीराम कुबडीवर भिंगारच्या गॅरेजात गाडी बघायला गेला. तिथल्या मेकॅनिकनं पुढचं चाक खोलून ठेवलं होतं.

"मालक, ह्यात चाक धरणारे लायनरच न्हाईत. नुसता गंज हाय. कित्येक वर्षं हा ब्रेक दाबूनबी लागला नसता."

कोंडीरामनं त्या गंजावरून बोट फिरवलं. मोडलेल्या पायाकडं न बघता त्या हरामखोर कारभारीनं आधी ब्रेकचीच चौकशी का केली, ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं.