पाच रात्रींचा नेम

आज अकरावा दिवस. पिपरी मेघेच्या या भाड्याच्या खोलीत मी अकरा दिवस अडकून आहे, अन् माझं डोकं फिरून राह्यलं. चहा मांडते अन् तसाच सोडून बाहेर जाते. दिवसभर नुसती रस्त्यानं हिंडते.

आमचा पंथ चालत्यांचा. एका जागी पाच रात्री झोपायचं, सहाव्या सकाळी पाय उचलायचा. चालता जिथं झोपते तिथं जमिनीतलं पाणी त्याच्याकडं सरकते. पाच रात्रींत कोरड्या गावच्या विहिरीले हातभर पाणी चढते, अन् कोणाचं काही कमी होत नाई. सहाव्या रात्रीपासून मात्र ते शेजाऱ्याच्या विहिरीतून ओढलं जाते. नेम मोडला की मंग त्या गावात वर्षभर पाय ठेवायचा नाई, ठेवला की ओढ पुन्हा सुरू. अन् चालत्यानं कधी बी पेरायचं नाई. पेरलं की जमीन त्याले आपल्यातलं समजते. मंग पाणीबिणी काही सरकत नाई, अन् तो चालता राहत नाई.

माझ्या आजीच्या वेळी चाळीस गाड्या होत्या म्हणे. आता तिघंच उरलो. मी, माझा धाकटा भाऊ नत्थू अन् माझी पोरगी पौर्णिमा.

पौर्णिमेले आठवा महिना. सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईनं बजावलं, बाळंतपणापर्यंत खाटेवरून उतरायचं नाई, म्हणून ही खोली घेतली. नवरा प्रेमदास ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. मी सोडून तिले कोण आहे? याच नेमापायी माझं पहिलं लेकरू मी चालता चालता गमावलं होतं. तवा मी तोंडातून शब्द काढला नव्हता. आता तिच्यावर ती पाळी येऊ देणार नव्हती.

सकाळी शेजारची शालूबाई आली. तिची भाजीची वाडी आमच्या भिंतीले लागून, माल वर्ध्याच्या बाजारात जाते.

"अन्नपूर्णाबाई, विहीर तीन हात उतरली हो! मोटार नुसती हवा ओढून राह्यली. वांग्यांनी माना टाकल्या. यंदा काऊन असं?"

अन् एवढं बोलून वर पौर्णिमेसाठी पालकाची जुडी दिली. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गेली तसा फाटकात नत्थू उभा. तो पाच रात्री इथं, पाच तिथं असा एकटाच फिरून राह्यला होता.

"बाई, टेम्पो आणला. पोरीले गादीसकट उचलू. तिकडं तळेगावकडं लोकं पाण्यासाठी वाट पाहून राह्यले."

"एक हिसका बसला तर लेकरू जाईन, नत्थू!"

"अन् या शेजारच्या बाईची वाडी गेली तर?"

मी तणतणत आत गेली. "पौर्णिमा, ऐक. एक बी पेर अन् मोकळी हो. सोड पंथ. मी काही म्हणणार नाई."

ती छताकडं पाहत होती. "माय, मी चौथ्याच दिवशी पेरली मेथी."

तिच्या खाटेजवळच्या खिडकीत तेलाचा कापलेला डबा होता, त्यात बोटभर हिरवं उगवलेलं. तो शालूबाईनं ठेवला असं मी समजत होती.

"मंग विहीर काऊन उत..."

पाणी मी ओढून राह्यली होती. दिवसभर हिंडते म्हणून माझी ओढ लागत नाई असं मनाले समजावत अकरा दिवस मी पोरीकडं बोट दाखवत होती, अन् पाणी खाणारी मीच.

"सांगतलं असतं तर तू निघून गेली असती," पौर्णिमा हुंदके देत बोलली. "मले लय भेव वाटते माय. एकटीनं नाई होणार माझ्यानं."

"अगं पोट्टे, त्या बाईची वांगी जळून राह्यली अन् तू गप्प बसली!" मी ओरडली. तिच्यावर, का माझ्यावर, देव जाणे.

डब्याजवळ बियांची पुडी होती. मी चार दाणे घेतले.

"बाई, नको." नत्थू दारात उभा होता. "हात जोडतो तुले."

"माफ करजो नत्थू."

मी दाणे मातीत दाबले. साठ वर्षं चालली मी. संपायले एक बोट पुरलं.

नत्थू अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, पण बाबा गेला तवाच्या लहान पोरासारखा दिसत होता.

"मंग मी कोणासंग चालू?" त्यानं विचारलं.

"तूही पेर. इथंच राह्य."

"अन् तिकडच्या विहिरी?"

त्यानं टेम्पोवाल्याले परत पाठवलं अन् पायीच निघाला. मी फाटकापर्यंत धावली. "नत्थू, पोचला की फोन करजो!" त्यानं मागं पाह्यलं नाई. आतून पौर्णिमा हाका मारून राह्यली होती, म्हणून मी फाटक लावून घेतलं.