दांडी अर्धीच ओढली म्हणे

माझा भाऊ वेंडेल अस्वलाच्या तावडीतून जिवंत सुटला, पण गावाच्या तोंडातून काही सुटला नाही.

एप्रिलमध्ये, गाई विण्याच्या दिवसांत, भरदुपारी एक अस्वलीण आमच्या वासरांच्या कुंपणात शिरली. वेंडेलने पहिली गोळी झाडली, ती तिच्या खांद्याला चाटून गेली. दुसरी भरायला त्याने रायफलीखालची दांडी खाली ओढली आणि ती तिथेच अडकली. ना वर, ना खाली. मी हॉर्न दाबत ट्रक थेट तिच्या अंगावर घातला तेव्हा ती पळाली. तोवर त्याच्या उजव्या हाताचा चेंदामेंदा झाला होता. डॉक्टरांनी हात वाचवला, पण बोटं मिटत नाहीत.

ती रायफल आदल्या शरदात लायलच्या दुकानातून घेतलेली. जुनीच, पण पितळी पट्ट्यांची, नक्षीदार. मी म्हटलं होतं, जरा चालवून बघू. लायल हसला. "नेवा, तू फुकटच्या घोड्याचेसुद्धा दात मोजशील. भावाला एकदा तरी मर्दासारखं काही घेऊ दे की!" वेंडेल लाजला आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

मग जूनमध्ये, पेंडीच्या दुकानात पोती घेताना तिथली बाई मला हळूच म्हणाली, "घाबरतो गं माणूस अशा वेळी. वेंडेलला नावं ठेवू नये कुणी."

"कोण ठेवतंय नावं?"

तिने मान खाली घातली. मग सगळं बाहेर आलं. लायल कॅफेत बसून रोज सांगत होता, "रायफल एकदम झकास होती. पोरगं टरकलं. दांडी अर्धीच ओढली, मग अडकणारच ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोती तिथेच टाकली. घरी जाऊन रायफल घेतली, दारू नसलेली सहा सरावाची काडतुसं खिशात टाकली आणि थेट लायलच्या दुकानात गेले. शनिवार सकाळ, पाचसहा गिऱ्हाइकं होती. मी रायफल काउंटरवर आदळली.

"भर ही सहा. आणि चालव."

"नेवा, शांत हो. बस जरा. कॉफी घेतेस?"

"तुझी कॉफी घाल चुलीत. अस्वल नाही, रक्त नाही, खुर्चीवर बसलायस. चालव दांडी. पूर्ण ओढ हं!"

सगळे बघत होते, म्हणून त्याला चालवावीच लागली. एक गेलं. दोन गेली. तिसऱ्याला कट्! दांडी अर्ध्यात अडकली. आतून एकाऐवजी दोन काडतुसं पुढे सरकली होती आणि दुसरं मध्येच आडवं पडलं होतं. लायलने जोर लावला. मानेची शीर फुगली, पण दांडी हलेना.

"टरकलास का रे लायल?" मी विचारलं.

मागून कुणीतरी खाकरलं. म्हातारा ऑर्व्हिल, पलीकडच्या खोऱ्यातला. टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत म्हणाला, "माझीच होती ती. हेच करायची. आतला तुकडा झिजलाय. लायलला सांगूनच परत दिली होती."



"आणि हा कॅफेत बडबडत होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मी ऑर्व्हिलला विचारलं.

"तिथेच होतो," तो म्हणाला.

त्याच्या वयाकडे बघून मी जीभ आवरली. लायल मात्र लगेच गोड झाला. "नेवा, भिंतीवरची कुठलीही घे. फुकट. माझ्याकडून."

"तुझ्याकडून मी फुकट सर्दीसुद्धा घेणार नाही. विकत घेईन, आणि मीच निवडीन."

तीन रायफली उतरवल्या. पहिलीची दांडी लोण्यासारखी होती, पण सरावाची काडतुसं बाहेर उडण्याऐवजी आतच रेंगाळत होती. दुसरीच्या दांडीत हिवाळ्याचा हातमोजा घातलेली बोटं शिरेनात. तिसरीच्या दस्त्यावर काटेरी तारेचे ओरखडे होते, पण आतले तुकडे घट्ट, दांडी जराही डुगडुगत नव्हती. दुकानामागे मातीचा बांध आहे, तिथे ती घेऊन गेले. खरी काडतुसं, हातात जाड मोजे. हळू ओढून, झटक्याने ओढून, रायफल आडवी धरून, खाली पडलेल्या माणसासारखी पाठीवर झोपून. चाळीस गोळ्या झाडल्या. चाळीसही वेळा ती चालली. खांदा ठणकत होता आणि रागाने डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही.

पैसे मोजून दिले. मग लायलला म्हटलं, "आता कॅफेत चल."

"कशाला?"

"जिथे बोललास तिथेच गिळ."

तो आला. न येऊन करतो काय, सगळं दुकान मागे निघालं होतं. कॅफे जेवणाऱ्यांनी भरलं होतं. लायल टेबलाकडे बघत पुटपुटला, "रायफल बिघडलेली होती."

"मोठ्याने. आणि पूर्ण."

"रायफल बिघडलेली होती! मला माहीत होतं! वेंडेलची चूक नव्हती!"

या लोकांनी दोन महिने माझ्या भावाच्या नावावर हसत केक खाल्ला होता, आता सगळ्यांना आपापल्या ताटात फार काम निघालं.

घरी आले तर वेंडेल डाव्या हाताने एका वासराला बाटलीने दूध पाजत होता.

"तमाशा करून आलीस ना?"

"आले." मी सगळं सांगितलं.

वासराने बाटली रिकामी केली तरी तो ती तशीच धरून बसला. मग म्हणाला, "रोज ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं गं. की मीच अर्धी ओढली असेन."

मला वाटलं होतं, लायलला नाक घासायला लावलं की राग निवेल. पण हे ऐकलं आणि तो नव्याने भडकला. हाताची ताकद अस्वलीण घेऊन गेली, ते जनावरच होतं. स्वतःवरचा भरवसा मात्र माणसांनी नेला होता, कॉफी पीत पीत.

मी त्याच्याजवळ गवतात बसले. "पूर्ण ओढली होतीस तू," मी म्हणाले. "पूर्ण."

त्याने माझ्या हातातली नवी रायफल मांडीवर घेतली आणि तिच्या दस्त्यावरच्या ओरखड्यांवरून डावा अंगठा फिरवत राहिला.