बसायची मनाई असलेला बाक

बसण्यासाठी घडवलेल्या वस्तूवर कुणी बसत नाही, निवडक भाऊ सोडले तर कुणीच नाही, याचा एकेकाळी मला केवढा अभिमान होता! मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. अलाबामातल्या एका लहानशा कॉलेजात, ग्रंथालयासमोरच्या, अक्रोडासारखी फळं देणाऱ्या दोन पेकन झाडांच्या मध्ये, गेली साठ-बासष्ट वर्षं मी उभा आहे. अंगावर रंगाचे इतके थर चढले आहेत की माझं मूळ लाकूड कोणतं, हे माझ्यावर पेकनची फळं फोडणाऱ्या खारींनाही सांगता येणार नाही.

ते ओकचं आहे. गावाबाहेरचा रस्ता रुंद करताना एक जुनं चर्च पाडलं गेलं. तिथल्या बाकांच्या फळ्या एझेल क्रचर नावाच्या विद्यार्थ्याने मामाच्या ट्रकमधून इथे आणल्या. कॉलेजच्या सुतारशाळेत त्याने मला घडवलं. रंधा मारून झाला की तो माझ्या कडेवरून हात नाही, गाल फिरवायचा. "हाताला कुसळ कळत नाही, गालाला कळतं," असं म्हणायचा. एवढी काळजी का? तर माझ्यावर त्याचे भाऊ बसणार होते.

सख्खे भाऊ नव्हेत. एझेल एका बंधुमंडळात होता. तीन ग्रीक अक्षरं हे मंडळाचं नाव, शेंदरी आणि राखाडी हे त्याचे रंग, आणि देशभर त्याच्या शाखा. एकदा भाऊ झालात की जन्मभर भाऊ. कुणाची नोकरी सुटली, तर दुसरा चार फोन करी. कुणाची आई आजारी पडली, तर तिसरा गाडी काढून निघे. पेकनखालचा हा कट्टा या शाखेचा होता आणि मी त्या कट्ट्याचं सिंहासन.

दर वर्षी नव्या मुलांची रांग लागे. सर्वांत बुटका पुढे, सर्वांत उंच मागे. आठ आठवडे ती मुलं एकत्र जेवत, शाखेचा इतिहास पाठ करत, पायांच्या ठेक्याचा नाच शिकत. शेवटच्या दिवशी ती मला रंगाचा नवा हात देत. रंग वाळला की रांगेच्या क्रमाने माझ्यावर पहिल्यांदा बसत. त्याआधी बसायचं नाही. बाहेरच्यांनी तर कधीच नाही. पाटी नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मुली दप्तरं गवतावर ठेवत, पण माझ्यावर नाही. पुढे न्यायाधीश झालेले, डॉक्टर झालेले जुने विद्यार्थी यायचे, माझ्या पाठीवर थाप मारायचे. मी फुगून जायचो.

आता जे सांगणार आहे, ते आठवलं की माझी फळी अजून करकरते.

बारा वर्षांपूर्वीच्या रांगेत डॅरियन प्रुइट हा मुलगा चौथा होता. सडपातळ, हसरा, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. सप्टेंबरची दुपार होती. शिस्त लावायची म्हणून थोरल्या मुलांनी रांगेला उठाबशा काढायला लावल्या. एक तास झाला, दुसरा सरत आला. पाण्याचा जग कुठे ठेवला होता माहीत आहे? माझ्यावर. जगाला माझ्यावर बसायची परवानगी होती, डॅरियनला नव्हती. तोल गेला तसा त्याने माझा हात धरला.

"ए, हात काढ!" कुणीतरी ओरडलं. "अजून तुझा नाही तो!"

त्याने हात काढला आणि तो खाली कोसळला.

तीन आठवडे तो दवाखान्यात होता. जगला, पण त्याची मूत्रपिंडं पुन्हा कधी धड झाली नाहीत. त्याने कॉलेज सोडलं. थोरल्या मुलांना काढून टाकण्यात आलं, शाखेला कुलूप लागलं. तो माझ्यापासून वीतभर अंतरावर पडला होता, मित्रांनो. वीतभर!

मग बारा वर्षं मला कुणी रंग दिला नाही. पोपडे निघाले, एक पाय वाळवीने पोखरला. बंदी घालणारं कुणी उरलं नव्हतं, तरी सवयीने माझ्यावर कुणीही बसलं नाही. पाऊस पडून गेला की मुलं ओल्या गवतावर रुमाल अंथरत आणि मी कोरडा होत एकटा उभा असे. तेव्हा मला कळलं की मान आणि एकटेपण दिसायला किती सारखे असतात.

गेल्या वर्षी अमारी टिलमन नावाचा मुलगा माझ्यापुढे उकिडवा बसून माझा पाय तपासू लागला. त्याचे आजोबा माझ्या आठव्या थराच्या रांगेतले. अमारीने आणखी चार मुलं जमवली होती. त्यांना शाखा पुन्हा सुरू करायची होती. वर्षभर त्यांनी जे केलं ते मी पाहिलं आहे. पहाटे अभ्यास, शनिवारी म्हाताऱ्यांच्या घरांची डागडुजी, आणि बंधुमंडळाच्या मुख्य कार्यालयाला पत्रांवर पत्रं. अखेर कार्यालयाने होकार दिला. कॉलेजच्या समितीने मात्र एक अट घातली: प्रुइट कुटुंबाची लेखी संमती हवी. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी सही आली नाही, तर विषय कायमचा बंद.

मुलांना तयार करायला दोन जुने भाऊ येत. एक आपला एझेल क्रचर, आता ऐंशीच्या पुढचा, काठी टेकत येणारा. दुसरे ब्रदर लव्हलेस, शहरातले, कडक इस्त्रीचे.

"वकिलाकडून फॉर्म पाठवून द्या," लव्हलेस म्हणाले. "त्या बाईच्या दारात कशाला जायचं?"

"सर, फॉर्मवर कुठली आई सही करेल?" अमारी म्हणाला. "आम्हीच जातो."

डॅरियनची आई, जिला सगळं गाव आदराने मिस व्हर्नेल म्हणतं, शाळेची बस चालवते. मुलं गेली तेव्हा तिने जाळीच्या दाराची कडी काढली नाही. आतूनच सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तो जिथे पडला ती जागा मला दाखवा."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ती आली. बसचालकाची निळी पँट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अमारीने जागा दाखवली. ती बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ येऊन माझ्यावर बसली.

"अहो, त्यावर..." लव्हलेस पुढे झाले.

"त्यावर काय? डाग पडतो?"

क्रचरने काठी आडवी धरून लव्हलेसला थांबवलं. "बसा, बाईसाहेब. निवांत बसा."

"मला बस चालवताना पुढचा रस्ता आणि आरशातली बेचाळीस मुलं एकाच वेळी बघावी लागतात," मिस व्हर्नेल म्हणाली. "माझा स्वतःचा मुलगा तेवढा माझ्या आरशाबाहेर गेला. सही मागता ना? आज देणार नाही. आठ आठवडे रोज चारला मी इथे येऊन बसेन. जे करायचं ते माझ्यासमोर करा. माझ्यासमोर करता येणार नाही, असं काही असेल तर ते करूच नका."

आणि ती रोज आली. सोबत विणकाम आणि उकडलेल्या शेंगांची पिशवी. सुरुवातीला मुलं इतकी बावरायची की नाचाचा ठेका चुके. तिसऱ्या आठवड्यात तीच ओरडू लागली, "अरे टोबायस, डावा पाय! डावा म्हणजे घड्याळाच्या बाजूचा!" टोबायस म्हणजे रांगेतला शेवटचा, दाराएवढा उंच आणि भित्रा. शेंगा ती कुणाला देत नसे. पण पिशवीचं तोंड मात्र मुलांच्या बाजूला उघडं असे.

बारा वर्षांनी माझ्यावर कुणाची तरी ऊब रोज टेकत होती.

सातव्या आठवड्यात, नोव्हेंबर असूनही, एक दिवस उन्हाळा परत आल्यासारखं उकडत होतं. लव्हलेस सराव घेत होते. "पुन्हा! तुम्हाला सगळं मऊ मऊ मिळतंय. आम्ही काय काय सोसलंय!" टोबायसचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने ठेका सोडला आणि त्याचा हात माझ्या दिशेने आला. मग तो जागीच थबकला. नियम त्यालाही ठाऊक होता.

विणकाम खाली पडलं. मिस व्हर्नेल अर्धी उठली होती. पण तिच्याआधी अमारी रांग मोडून धावला.

"बस, टोबी."

"पण अजून आपण..."

"बस म्हणतो ना!" त्याने त्याला खांदे धरून माझ्यावर बसवलं, बूट सैल केले, पाण्याची बाटली तोंडाला लावली. एक मुलगा कॉलेजच्या दवाखान्याकडे पळाला.

लव्हलेस तांबडेलाल झाले. "भाऊ होण्याआधी बसला! हा बाद. नियम म्हणजे नियम."

"मग मलाही बाद धरा, सर," अमारी म्हणाला आणि टोबायसच्या शेजारी बसला. उरलेले दोघेही आले. कुणी हातावर टेकलं, कुणी काठावर. माझा पोखरलेला पाय कुरकुरला, पण मी तग धरला. आयुष्यात एवढा जोर मी कधी लावला नव्हता.

सगळे क्रचरकडे बघू लागले. म्हातारा काठीवर रेलून हसत होता.

"लव्हलेस, हा बाक मी केला. गाल घासून घासून गुळगुळीत केला. तो कशासाठी केला असेल, सांग बघू? बसण्यासाठी! बसायचं नाही हा नियम माझ्यानंतर कुणीतरी काढला आणि मी गप्प राहिलो. त्या दुपारी मी इथे नव्हतो, पण ते गप्प राहणं माझंच होतं, मिस व्हर्नेल."

दवाखान्याची नर्स आली, टोबायसची नाडी तपासली, ऊन लागलंय, आता ठीक आहे म्हणाली. मग मिस व्हर्नेल अमारीकडे वळली.

"मी ओरडायच्या आत तू कसा पळालास रे?"

"मी त्याच्याकडेच बघत होतो. तुम्ही बघता तसं."

मिस व्हर्नेलने पर्समधून संमतीचा कागद काढला. सात आठवडे तो तिथेच होता, घडीवर घडी पडलेला. माझ्या पाठीवर ठेवून तिने सही केली. पेनचं टोक मला आरपार जाणवलं.

शाखा उघडली. पाचही मुलांनी माझा पाय नवा बसवला आणि बारा वर्षांनी मला शेंदरी रंग दिला. डाव्या टोकाची हातभर फळी मात्र त्यांनी घासून मूळ लाकडापर्यंत आणली आणि तशीच ठेवली. तिथे मिस व्हर्नेल बसायची. साठ वर्षांनी माझ्या ओकला वारा लागला.

रंग वाळला त्या दिवशी जुने भाऊ दूरदुरून आले होते. तळलेल्या मासळीचा वास कट्टाभर पसरला होता. लव्हलेसही आले, पाण्याचे चार मोठे जग स्वतः उचलून. आणि मिस व्हर्नेलबरोबर एक दाढीवाला माणूस आला, तोंडात पेपरमिंटची गोळी घोळवत. तो मोबीलच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. गर्दीच्या कडेला तो उभाच राहिला. अमारीने बसा म्हटलं, तर त्याने मान हलवली.

मिस व्हर्नेल माझ्या उघड्या लाकडावर बसली, थोडी सरकली आणि शेजारच्या जागेवर दोनदा हात आपटला, लहान मुलाला बोलावतात तसा.

डॅरियन आला. आधी त्याने माझा हात धरला. या वेळी कुणी ओरडलं नाही. मग तो हळूच बसला. एवढा वेळ उभा असलेला माणूस बसला की जो श्वास सोडतो, तो मी माझ्या फळ्यांमधून ऐकला.

मित्रांनो, मला दर वर्षी रंग द्या, माझे पाय वाळवीपासून जपा, हे मी मागेनच. पण त्याआधी एक करा. तुमच्या जवळ कुणी फार वेळ उभं असेल, तर त्याच्याकडे बघत राहा. आणि तो पडायच्या आत, नियम आठवत न बसता, त्याला म्हणा, "बस."