मापुलेंगनं नाकारलेला फोटो

हा-राकोमा नावाच्या गावात पीचची झाडं फुलली की लोकांना हुरूप येतो आणि फोटोवाल्या लेबुसाला धडकी भरते.

यंदाही ऑगस्टबरोबर तिकडचा हिवाळा सरता सरता डहाळ्या गुलाबी झाल्या आणि कामांचं शुक्लकाष्ठ त्याच्या मागे लागलं. शाळेच्या शर्यती झाल्या. घोड्यांच्या शर्यती झाल्या, त्या फोटोंत घोड्यांपेक्षा धूळच जास्त आली. मग झाडं लावायचा कार्यक्रम झाला. तिथे गावच्या प्रमुखानं एकच रोप तीनदा लावलं, कारण पहिल्या दोन्ही वेळी ऐन मोक्याला वाऱ्यानं त्याची टोपी उडवली होती. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी माणसानं गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन उन्हात भिंतीला टेकून बसावं, एवढंच लेबुसाचं मागणं होतं. पण बसू देतंय कोण?

खरा धसका होता तो चर्चच्या महिला संघाचा. फुलोरा भरात आला की एका रविवारी संघाच्या चाळीस बायका लाल ब्लाऊज, काळा स्कर्ट, पांढरी टोपी, छातीवर संघाचा बिल्ला अशा थाटात दुकानामागच्या पीचखाली यायच्या आणि एकेकीचा फोटो काढून घ्यायच्या. कशासाठी, तेही लपवायच्या नाहीत. अंत्यविधीला जी पत्रिका वाटतात तिच्यावर छापायला. फोटो ताजा हवा, नाहीतर लोक शवपेटीकडे बघणार, पत्रिकेकडे बघणार आणि विचारणार, ही कोण? "यंदाचा तेवढा वाया जाऊ दे रे देवा," असं म्हणून हसायच्या आणि स्टुलावर बसल्या की ओठ घट्ट मिटून घ्यायच्या.

आणि लेबुसाला दिसत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यात धुकं उतरलं, मग डाव्यात. भिंगाची कडी तो हाताच्या सवयीनं फिरवायचा. छापलेला फोटो खिडकीपाशी नेला तर त्यावर धुकं दिसायचं, पण धुकं चहाच्या कपावरही होतं आणि समोरच्या डोंगरावरही. त्यातलं फोटोचं कुठलं नि डोळ्यांचं कुठलं, हे ठरवायचं कसं? कुणी तक्रार केली नाही, म्हणून तो सगळं ठीक आहे असं धरून चालला. ते सोयीचं होतं. दुकान बंद झालं असतं तर तो गावातला एक म्हातारा उरला असता, आणि त्याची त्याला फार भीती वाटायची.

मंगळवारी सकाळी पुलेंग आली. तिची आई मापुलेंग रविवारी गेली होती. संघातली सगळ्यात फटकळ बाई. मुलीच्या दंडावर काळी फीत होती आणि आवाज बसला होता.

"न्ताते," वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं ती म्हणाली, "शनिवारी माती द्यायची आहे. पत्रिका छापणारा म्हणतो, फोटो गुरुवारपर्यंत पाहिजे. मागच्या वसंतातला द्या."

"बस, पोरी. अगं, अजून कानात वाजतंय तिचं बोलणं." लेबुसानं पाकीट चाचपून काढलं. नेगेटिव्ह आणि जादा छाप तो वर्षावर्षाप्रमाणे ठेवायचा, तिथे त्याला डोळे लागत नव्हते.

पुलेंगनं फोटो घेतला. उजेडाकडे धरून बघितला.

"त्याच्या आदल्या वर्षीचा आहे?"

त्यानं दिला. मग त्याच्याही आदला दिला, त्याच्याही आदला. चारही फोटो तिनं टेबलावर ओळीनं मांडले.

"काय झालं? आवडत नाहीत?"

"न्ताते," ती अगदी हळू म्हणाली, "हिला चेहराच नाही."

लेबुसानं फोटो उचलला, खिडकीशी नेला, नाकाला लावला. धुकं. त्यानं बोटानं कागद पुसला, जणू तिथे धूळ असावी.

"घरी टांगलेत ना हे तुम्ही?"

"टांगलेत."

"सगळ्यांनी टांगलेत?"

"हो."

"आणि चार वर्षांत एकीनंही तोंड उघडलं नाही? तुझ्या आईनंसुद्धा? ती तर पाद्र्यालाही सोडायची नाही!"

पुलेंगला रडू आलं. "तीच म्हणायची, न्ताते लेबुसासमोर ब्र काढायचा नाही. पाहुणे आले की सांगायची, ती बघा मी, बिल्ला तिरका लावलाय ना, ती."

लेबुसा स्टुलावर बसला. लाज वाटली, रागही आला, आणि दोन्हींपेक्षा जास्त थकवा आला. चार वर्षं तो त्यांना फसवत होता, आणि त्याही मुकाट्यानं फसवून घेत होत्या. एवढ्या मायेचं काय करायचं? त्या मायेपायी आज एका पोरीकडे आईचा चेहरा नव्हता.

मग तो उठला आणि मागच्या खोलीतून बिस्किटांचा जुना डबा घेऊन आला. "पाच वर्षांपूर्वीचा एक आहे. छापलेला तिनं माझ्या समोर टराटरा फाडला होता. नेगेटिव्ह मात्र मी ठेवली."

"का फाडला?"

"टोपीवर मधमाशी बसली होती. मी आपलं मानानं म्हटलं, म्मे मापुलेंग, हलू नका, तिला तुम्ही फूल वाटलात. तर ती अशी खदखदून हसली! दातांमधली फट, पडजीभ, सगळं आलं. म्हणाली, हा माझ्या पत्रिकेवर दिसला तर शवपेटीतून उठून येईन."

पुलेंग रडता रडता हसली. "द्या मग. उठून आली तर बरंच."

काळोख्या खोलीत लाल दिवा लावून लेबुसानं नेगेटिव्ह फोटो मोठा करायच्या यंत्रात सरकवली. खाली पांढऱ्या कागदावर उजेडाचा एक ठिपका पडला, त्याच्यापुरता फक्त ठिपका.

"पुलेंग, मला दिसत नाही." इतकी वर्षं तोंडातून न निघालेले शब्द हे असे, कामाच्या सूचनेसारखे निघाले. "मी भिंग हळूहळू फिरवतो. आई दिसली की सांग."

"नुसतं धुकं आहे."

"आता?"

"टोपी आहे. पांढऱ्याऐवजी काळी."

"आता?"

"अजून थोडं... थोडं... थांबा." तिनं त्याचा हात धरला. "दातातली फट दिसली. आली, न्ताते. आली."

शनिवारी चर्चमध्ये पत्रिका वाटल्या गेल्या. पहिल्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसऱ्यावरून, आणि बघता बघता सगळा संघ पत्रिका तोंडाशी धरून हसत होता, रडत होता. पाद्र्याला दोनदा खाकरावं लागलं. मागे भिंतीला टेकून लेबुसा तो आवाज ऐकत राहिला. त्याचे पाय दुखत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. वारा सुटला होता, पाकळ्या काही थांबणार नव्हत्या. चाळीसातल्या एकोणचाळीस बायका पीचखाली रांगेत उभ्या राहिल्या. लेबुसा कॅमेऱ्याशेजारी ताठ उभा राहिला.

"आधी ऐका. मला दिसत नाही. गेली चार वर्षं मी तुमच्याकडून—"

"माहीत आहे आम्हाला," संघाची प्रमुख मातुमेलो म्हणाली. "भाषण आवरा, न्ताते. ऊन चढतंय."

"चूक आमचीही आहे," मागून एकजण पुटपुटली.

लेबुसाच्या उस्तादाची एक जुनी दोरी खुंटीला होती, फुटाफुटाच्या अंतरावर गाठी मारलेली. तिचं एक टोक त्यानं कॅमेऱ्याला बांधलं. मातुमेलो स्टुलावर बसली आणि दुसरं टोक तिनं स्वतःच्या नाकाला लावलं. पुलेंगनं गाठी मोजल्या आणि भिंगाच्या कडीवरचा तेवढ्याच फुटांचा आकडा खुणेच्या रेघेवर आणून ठेवला. डोळ्यांचं अर्धं काम दोरीनं केलं. मातुमेलोनं दोरी सोडून दिली.

"माझा मापुलेंगसारखा काढा," ती म्हणाली.

"म्हणजे हसरा?"

"हसरा. पण पडजीभ नको."

पण असं सांगून हसू थोडंच येतं? तीस वर्षं मिटायची सवय असलेले ओठ आवळलेलेच राहिले. लेबुसानं बटणावर बोट ठेवलं. समोर त्याला लाल, पांढरा आणि गुलाबी असे तीन डाग दिसत होते.

"हसतायत का?" त्यानं विचारलं.

"अजून नाही," पुलेंग म्हणाली.

तो थांबला. रांगेत कुणीतरी मधमाशीसारखा आवाज काढला, कुणीतरी तिला दटावलं. लेबुसाच्या ध्यानात आलं, कितीतरी वर्षांनी आज त्याला डोळे ताणावे लागत नव्हते. त्यानं ते सरळ मिटून घेतले.

"आता?"

"अजून नाही, न्ताते. थांबा." पुलेंगचा हात त्याच्या खांद्यावर होता. मग तो घट्ट झाला. "आता."