कुलपातलं पाणी

मी एक जुना निळा ड्रम आहे. दोनशे लिटरचा, प्लास्टिकचा. झाकणावर लोखंडी पट्टी आहे आणि पट्टीला कुलपासाठी भोक आहे. शिरूर कासारच्या अलीकडं एका वस्तीवर, गहिनीनाथ आणि भिवराबाईच्या दाराशी मी उभा असतो. मला पाय असते तर, मित्रांनो, आज हे सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी माझ्यात गोडेतेल भरलं, ते संपल्यावर मला भंगारात टाकलं. तिथं गहिनीनाथनं मला बोटांनी वाजवून पाहिलं, आत डोकं घालून वास घेतला आणि घरी आणलं. त्यांची राजनंदिनी तेव्हा दीड वर्षाची होती. दसरा झाला की हे लोक ऊस तोडायला निघायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मीही असायचो, पोटात पीठ, भांडी, गोधड्या घेऊन. फडाच्या कडेला भिवराबाई मला झाडाखाली आडवं करायची, आत गोधडी टाकायची आणि लेकीला निजवायची. मी गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना ढेकळं लावायची. या पोरीचं पहिलं घर मीच, असं मी अजून मनाशी धरून आहे. कुणी विचारलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पुढं राजनंदिनी शाळेसाठी आजोळी राहिली आणि मी दाराशी पाण्याला लागलो. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर आठ दिवसांनी येतो. एकदा कुणीतरी माझ्यातलं अर्धं पाणी नेलं, तेव्हापासून भिवराबाईनं मला कुलूप घातलं. किल्ली तिच्या पदराच्या गाठीला. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला लई मोठेपणा वाटला. शेजारच्या फुटक्या रांजणाकडं मी महिनाभर ढुंकूनही पाहिलं नाही.

मग शाळा संपवून राजनंदिनी घरी परत आली आणि तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. रोज पहाटे ती रस्त्यानं पळायची. परत आली की दारासमोर गोल दगड उजव्या हातानं फेकायची, गोळाफेकीच्या सरावासाठी. दगड पडला तिथं काडी रोवायची. ती काडी दिवसेंदिवस पुढं सरकत गेली, ते मी पाहिलंय. दमली की मला टेकून एक पेला पाणी प्यायची. दुसरा मागायची नाही.

यंदा मे महिन्यात तिचं नाव भरतीच्या यादीत आलं. जूनच्या एक तारखेला प्रशिक्षणाला हजर व्हायचं होतं. आख्खी वस्ती दारात जमली. त्याच दिवशी सकाळी टँकर येऊन गेला होता आणि मी काठोकाठ भरलेला होतो. संध्याकाळी गहिनीनाथ आणि भिवराबाई पेढे घेऊन देवळात गेले. आणि इकडं राजनंदिनीच्या चुलत्याला, अभिमन्यूला, फटाक्यांची आठवण झाली.

आता हे फटाके कुठले, ते सांगतो. दिवाळीला घेतले होते, पण ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या आधीच निघाली. पुडकं पत्र्याच्या खोलीत राहिलं. आधी सादळलं, मग पत्र्याखाली तापलं. दर साली या वस्तीवर असंच होतं. दिवाळी राहते आणि फटाके उरतात.

अभिमन्यू माणूस वाईट नाही, नुसता उतावळा आहे. त्यानं अंगणात भुईनळे मांडले. पहिले दोन मस्त उडाले. तिसऱ्याची वात जळाली, थोडा धूर निघाला आणि तो गप्प बसला. अभिमन्यूची पाच वर्षांची शिवकन्या बघायला धावली. राजनंदिनीनं तिला फ्रॉकला धरून मागं ओढलं.

"काका, त्याला हात लावू नका. बादलीभर पाणी ओतू त्याच्यावर."

"पानी? आठ दिसाचं पानी हाय ते. फुसक्या फटाक्यावर कोन ओतंल?" अभिमन्यू हसला. "अन् किल्ली तर वैनीकडं हाय. उचल अन् फेक तिकडं बांधावर."

ती माझ्याकडं आली. कुलूप तिनं दोनदा ओढून पाहिलं. तिच्या बोटांचा हिसका मला झाकणात जाणवला. माझ्यात दोनशे लिटर पाणी होतं, मित्रांनो, आणि तिला बादलीभर हवं होतं. मला फुटता आलं नाही. मला कलंडताही आलं नाही. तेवढ्यात शिवकन्या पुन्हा निसटली. राजनंदिनी चार पावलांत तिच्यापुढं गेली, भुईनळा उजव्या हातात उचलला आणि बांधाकडं फेकायला हात मागं नेला. तो हातातच फुटला.

ती ओरडली नाही. खाली बसली आणि हात अंगापासून लांब धरून म्हणाली, "पाणी. काका, पाणी."

अभिमन्यूनं दगड घेतला आणि कुलपावर घातला. एकदा, दोनदा, पाचदा. पट्टी वाकली, कुलूप तसंच राहिलं. भिवराबाईनं किती चांगलं कुलूप घेतलं होतं! ती आवाज ऐकून देवळातून पळत आली. तिच्यानं पदराची गाठ सुटेना, दातांनी सोडली. झाकण निघालं. तिनं माझ्यात तांब्या बुडवला आणि मला वाटलं, आता तरी मी तिच्या कामी येतो.

पण शेजारच्या छबुबाईनं तिचं मनगट धरलं. "पानी लावू नगं, भिवरा. भाजल्यावर पानी लावलं की फोड येतेत. दाताची पेस्ट आन."

छबुबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला खरंच तसं वाटत होतं. भिवराबाईनं तांब्यातलं पाणी परत माझ्यातच ओतलं. सवयच तशी आहे, थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. मग पेस्ट लावली, फडकं गुंडाळलं आणि जीपनं दवाखान्यात नेलं.

आठ दिवसांनी भिवराबाई माझ्याशेजारी बसून बहिणीला फोनवर सांगत होती, म्हणून मला कळलं. डॉक्टरीणबाईंनी ती पेस्ट काढताना विचारलं होतं, "लगेच वीस मिनिटं साध्या पाण्याखाली हात धरला असता, तर इतकं खोल गेलं नसतं. घरात पाणी नव्हतं का?"

"काय सांगितलंस मग?" बहिणीनं विचारलं असावं. भिवराबाईनं पदराची गाठ चाचपली.

"व्हतं म्हनले," ती म्हणाली. "भरून व्हतं."

एक तारीख येऊन गेली. राजनंदिनी हाताला पट्टी बांधून प्रशिक्षणाला हजर व्हायला गेली होती. हात बरा करून, डॉक्टरांचा दाखला घेऊन या, मग बघू, असं तिथल्या साहेबांनी तिला सांगितलं. दाखला अजून मिळालेला नाही. रोज सकाळी ती मला टेकून उजव्या हाताची मूठ मिटून बघते. तीन बोटं मिटतात. दोन उभीच राहतात. अभिमन्यू तिच्या समोरून जात नाही, मागच्या बाजूनं जातो.

मित्रांनो, फटाके उडवायचेच असतील तर मोठ्यांनी उडवावेत, ताजे उडवावेत. पण वात पेटवायच्या आधी बादली भरून उघड्यावर ठेवा. न फुटलेल्याला हात लावू नका, थांबा आणि लांबूनच त्याच्यावर पाणी ओता. आणि कुणाला भाजलंच, तर आधी पाणी, बाकी सगळं मागून. पाणी कितीही महाग असू द्या.

भिवराबाईनं कुलूप काढून आटलेल्या विहिरीत टाकलं. आता माझं झाकण नुसतं ठेवलेलं असतं आणि वर तांब्या पालथा. मोठेपणा वगैरे काही उरला नाही. आज टँकर येऊन गेला, मी पुन्हा काठोकाठ भरलोय. राजनंदिनीनं डाव्या हातानं तांब्या उचलला, पाणी घेतलं आणि उजव्या हातावर हळूहळू ओतलं. तिला आता त्याचा उपयोग नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.